तिपेडी दोर

दिवाळीच्या चिवड्यासाठी खोबऱ्याचे काप करताना माझं बोट दरवर्षी कापतं! थोड्या वेळात रक्त थांबतंही. कारण रक्तवाहिनी फाटली की तिच्या भिंतीतलं कोलॅजेन उघडं पडतं आणि रक्तातल्या प्लेटलेट्स त्याला धरून बसतात. या पकडीवर मी इथल्या लॅबमध्ये बरीच वर्षं काम केलं. पण कोलॅजेनचा आकार ज्यांनी शोधला, त्या माणसाची खरी ओळख मला देश सोडल्यावर झाली.

ते जी. एन. रामचंद्रन. जन्म १९२२, एर्नाकुलमचा. बंगलोरला शिकायला गेले इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग, पण झाले सी. व्ही. रामन यांचे विद्यार्थी. केंब्रिजहून पीएच.डी. करून परतले आणि १९५२ मध्ये, तिशीच्या आतच, मद्रास विद्यापीठात फिजिक्सचे विभागप्रमुख झाले.

तिथे १९५४-५५ मध्ये गोपीनाथ कार्था यांच्यासोबत त्यांनी मांडलं, की कोलॅजेन म्हणजे तीन साखळ्यांचा पीळ घातलेला दोर. साखळीतला दर तिसरा घटक ग्लायसीन. तो सगळ्यांत लहान, म्हणून दोराच्या गाभ्यात तोच मावतो.

क्रिक आणि रिच यांनी लगेच हरकत घेतली, की या मॉडेलमध्ये काही अणू फारच खेटून बसलेत. रामचंद्रन नुसते वाद घालत बसले नाहीत. अणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात, याचाच त्यांनी हिशेब मांडला. त्यातून १९६३ साली रामकृष्णन आणि शशिशेखरन यांच्यासह केलेला ‘रामचंद्रन प्लॉट’ आला. प्रोटीनची रचना बरोबर आहे ना, हे आजही त्यावर ताडून बघतात.

आमचं काम याच दोरावरचं. ग्लायसीन आत, तर बाकीचे घटक बाहेर डोकावतात. पेशीच्या पृष्ठभागावरचं इंटेग्रिन नावाचं प्रोटीन त्यांतल्या ग्लुटामेटला एका धातूच्या आयनमार्फत पकडतं. माझा पहिला पेपर परत आला, तेव्हा परीक्षकाने विचारलं होतं, की पकड आकारामुळे कशावरून? मी आठवडाभर धुमसत होते. मग रामचंद्रन आठवले. कोलॅजेन तापवून पीळ उलगडला आणि प्रयोग पुन्हा केला. घटक तेच, पण आमच्या इंटेग्रिनची पकड सुटली! हरकतीनेच उत्तर मिळवून दिलं.

एप्रिल २००१ मध्ये रामचंद्रन चेन्नईत गेले. नोबेल काही मिळालं नाही. पण बोट कापलं की बँडेड शोधता शोधता मला हटकून त्यांची आठवण येते.