कुलूपवाला वकील : अर्देशीर गोदरेज

हॉस्टेलच्या खोलीत शिरलं की आधी दिसतं ते लोखंडी कपाट. ते कुठल्याही कंपनीचं असो, आपण त्याला 'गोदरेजचं कपाट'च म्हणतो. माकुणसार-केळव्यापासून डहाणूपर्यंत लग्नाच्या सामानात हे कपाट नाही असं घर विरळाच. पण ज्या माणसाच्या आडनावावरून हा शब्द घरात आला, तो माणूस मेकॅनिकलचा नव्हताच मुळी. तो वकील होता, आणि वकिलीत सपशेल नापास झालेला वकील!

अर्देशीर बुर्जोरजी गोदरेज यांचा जन्म मुंबईचा, 26 मार्च 1868 चा. घर पारशी आणि खाऊनपिऊन सुखी, वडिलांचा जमीनजुमल्याचा व्यवसाय. पारशी म्हटलं की आपल्याला काही परकं वाटायला नको. उत्तरेला संजाण आहे आणि तारापूरला त्यांची जुनी वस्ती आहे.

1890 मध्ये बचूबाईंशी त्यांचं लग्न झालं. पुढच्याच वर्षी, 25 एप्रिल 1891 ला, बचूबाई आणि नात्यातली आणखी एक मुलगी राजाबाई टॉवरवरून खाली पडून गेल्या. प्रकरण कोर्टात गेलं, शहरभर गाजलं, पण वर नेमकं काय घडलं ते अंधारातच राहिलं. अर्देशीर तेव्हा तेवीस वर्षांचे होते. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. या विषयावर त्यांच्या चरित्रात फार काही सापडत नाही, आणि आपणही उगीच तर्क करू नये.

कायद्याचं शिक्षण संपवून 1894 मध्ये ते एका खटल्यासाठी आफ्रिकेत झांझिबारला गेले. तिथे अशिलाच्या बाजूने जे बोलायला हवं होतं, ते खरं आहे याची त्यांची खात्री पटेना. मग बोलणारच नाही म्हणाले! झालं, वकिली तिथेच संपली. मुंबईला परत येऊन ते एका औषधाच्या दुकानात मदतनीस म्हणून लागले. तिथे शस्त्रक्रियेची हत्यारं पाहून आपणच ती बनवावीत असं डोक्यात आलं. वडिलांचे स्नेही मेरवानजी मंचेरजी कामा यांच्याकडून तीन हजार रुपये कर्ज घेतलं आणि चिमटे, कात्र्या, चाकू तयार केले. माल उत्तम होता, इंग्रज कंपनी विकायलाही तयार होती. अट एकच, त्यावर हिंदुस्थानात बनल्याचा शिक्का नको. अर्देशीर अडून बसले आणि धंदा बुडाला. आपल्यापैकी कितीजण अडून बसले असते? व्हायव्हात बाहेरचे परीक्षक 'बरोबर ना?' म्हणाले की आपण लगेच मान डोलावतो.

तिसरा डाव मात्र लागला. मुंबईत घरफोड्या वाढल्याची बातमी त्यांनी पेपरात वाचली. तेव्हाची कुलपं एकतर परदेशी आणि महाग, नाहीतर हाताने ठोकलेली, एकाची किल्ली दुसऱ्याला चालणारी. पुन्हा कामांकडेच कर्ज मागितलं (आणि त्यांनी दिलं, हे विशेष!). 7 मे 1897 रोजी लालबागला, गॅस कंपनीच्या शेजारी, 215 चौरस फुटांच्या शेडमध्ये काम सुरू झालं. आपल्या हॉस्टेलच्या दोन खोल्या जोडल्या तर साधारण तेवढी जागा होईल. कारागीर गुजरात आणि मलबारचे होते.

आता थोडं टेक्निकल. कंटाळू नका, कारण खरी गंमत इथेच आहे. लिव्हर कुलपात पातळ पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात. प्रत्येक पट्टीत खाच असते. किल्लीचा प्रत्येक दात आपापली पट्टी ठरावीक उंचीवर उचलतो, सगळ्या खाचा एका रेषेत आल्या की दांडा सरकतो. एक पट्टी जरा जास्त किंवा कमी उचलली गेली की अडलं. इंग्लंडमध्ये जेरेमाया चब यांनी 1818 मध्ये असं कुलूप केलं, की चुकीच्या किल्लीने पट्टी जास्त उचलली गेली तर ते अडकूनच बसे आणि मालकाला छेडछाड कळे. तेही 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाच्या अमेरिकन माणसाने उघडून दाखवलं. म्हणजे अर्देशीर ज्या खेळात उतरले, तो दादा लोकांचा खेळ होता.

त्यांनीही छेडछाड ओळखणारं कुलूप बनवलं. पण मला सगळ्यात आवडतं ते त्यांचं 'गॉर्डियन'. त्याला दोन किल्ल्या. पहिलीने कुलूप रोज उघडायचं. दुसरीने आतली रचनाच बदलायची, की पहिली किल्ली निकामी! पहिली नोकराकडे द्या, भावाकडे द्या. दुसरी आपल्या खिशात ठेवा. कुलूप मजबूत असणं वेगळं आणि ते कुणी उघडावं हे मालकाच्या हातात असणं वेगळं, हा फरक त्यात पकडलेला आहे.

हाच प्रश्न बंदुकीच्या बाबतीत जीवघेणा होतो. एनसीसीच्या मुलांनी रायफली ठेवायची खोली, म्हणजे 'कोत', पाहिली असेल. ट्रिगरभोवतीच्या कड्यांमधून साखळी ओवून टोकाला कुलूप घालतात, बोल्ट काढून वेगळे ठेवतात. घरच्या बंदुकीसाठी 'ट्रिगर लॉक' मिळतं, दोन बाजूंनी आवळून ट्रिगर झाकणारं. पण भरलेल्या बंदुकीला ते लावायचं नसतं, कारण लावतानाच ट्रिगरला धक्का लागू शकतो. आधी बंदूक रिकामी, गोळ्या दुसऱ्या कुलपात. आणि किल्ली उशीखाली सापडणार असेल तर सगळं फुकट. पोरं किल्ली शोधण्यात आपल्यापेक्षा हुशार असतात. बोईसर एमआयडीसीत ट्रेनिंगला गेलेल्यांनी हाच नियम पाहिला असेल: मशिनमध्ये हात घालायच्या आधी मेन स्विचला स्वतःचं कुलूप, किल्ली स्वतःच्याच खिशात.

पुढे अर्देशीरनी कुलपातली स्प्रिंगही काढून टाकली. स्प्रिंग गंजते, थकते, तुटते. आपल्या खाऱ्या हवेत हे वेगळं सांगायला नको. 1902 मध्ये त्यांची पहिली तिजोरी विकली गेली. धाकटे भाऊ पिरोजशा धंद्यात आले. कंपनीच्या नावातले बॉईस हे कामांचे पुतणे. ते लवकरच बाहेर पडले, नाव मात्र राहिलं. 1925 मध्ये कोलकात्याच्या धरमतल्ल्याला आग लागली, तेव्हा गोदरेजच्या तिजोऱ्यांतला ऐवज शाबूत निघाला. प्राण्यांची चरबी न वापरता वनस्पती तेलाचा साबण काढला, त्याचं नाव ठेवलं 'चावी'. दुसरं काय ठेवणार!

1921 मध्ये त्यांनी टिळक स्वराज्य फंडाला तीन लाख रुपये दिले. पण स्वदेशी म्हणून वाईट माल गळ्यात मारणं त्यांना मान्य नव्हतं, आणि हे ते पुढाऱ्यांनाही सुनावत. 1928 मध्ये कारखाना पिरोजशांवर सोपवून ते नाशिककडे शेती करायला गेले. तिथेच रमले. जानेवारी 1936 मध्ये त्यांचं निधन झालं.

1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी त्यांच्या कंपनीच्या विक्रोळीच्या कारखान्यात लाखो लोखंडी मतपेट्या बनल्या. बाहेरून कुलूप लावायचं तर पेटी ठरलेल्या किमतीत बसेना. शेवटी कारखान्यातल्याच एका कामगाराने कडी पेटीच्या आत बसवायची युक्ती काढली.