खंजिरीच्या नादाने जागलेली गावे

भद्रावती, वरोरा आणि चिमूर हा चंद्रपूर जिल्ह्यातील, ताडोबाच्या जंगलाला बिलगलेला परिसर. भद्रावतीचे नागमंदिर, विजासनची लेणी आणि प्राचीन जैन तीर्थ पाहण्यासाठी दूरदूरचे लोक येतात. मात्र या परिसराचा आणखी एक वारसा आहे आणि तो दगडात कोरलेला नाही, तर कंठात जपलेला आहे. देवळाच्या पारावर, गावाच्या चावडीसमोर, कंदिलाच्या उजेडात बसून भजन करावे, झाडीपट्टीची दंडार रात्रभर पाहावी, ही इथल्या माणसाची जुनी रीत. गाणारा आणि ऐकणारा यांच्यात जेमतेम हातभर अंतर असे. ते अंतरही पुसून टाकण्याचे कार्य ज्या महापुरुषाने आयुष्यभर केले, ते म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज होत.

३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली या खेड्यात त्यांचा जन्म झाला. माणिक बंडोजी इंगळे हे त्यांचे मूळ नाव. घरी विलक्षण दारिद्र्य; त्यामुळे शालेय शिक्षण प्राथमिक इयत्तांच्या पुढे गेले नाही. वरखेडचे आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. भजन गाऊन भाकरीच्या तुकड्यावर गुजराण करणाऱ्या या मुलाला गुरूंनीच ‘तुकड्या’ हे नाव दिले, असे सांगितले जाते. पुढे त्याच नावाची मुद्रा त्यांनी आपल्या भजनांवर उमटविली.

गुरूंच्या देहावसानानंतर तरुण वयातच त्यांनी अरण्याची वाट धरली. चिमूर परिसरातील रामदिघी व गोंदोडा ही त्यांची साधनास्थळे. परंतु ते वनात रमले, तरी वनवासी होऊन राहिले नाहीत. जंगलाकाठच्या गावांत ते भजनासाठी येऊ लागले आणि त्यांच्या हाती असे ती खंजिरी. लाकडाचे एक गोल कडे, त्यावर ताणून बसविलेले कातडे आणि कडेला झणझणणाऱ्या धातूच्या चकत्या, एवढाच तिचा संसार. एका हातात मावणारे हे वाद्य घेऊन पायी कुठेही जाता येते. त्यासाठी रंगमंच लागत नाही की मोठा साथसंच लागत नाही. गरिबाच्या अंगणातही ज्याची मैफल भरू शकते, असे हे वाद्य होते. महाराजांनी मराठीबरोबरच सोप्या हिंदीत पदे रचली, त्यामुळे वऱ्हाडच्या सीमेपलीकडेही ती सहज पोचली. १९३५ साली त्यांनी मोझरी येथे गुरुकुंज आश्रम स्थापन केला. पुढच्याच वर्षी महात्मा गांधींच्या निमंत्रणावरून ते सेवाग्रामला सुमारे महिनाभर राहिले आणि तेथील प्रार्थनेत त्यांचे भजन गुंजले.

या गायनाची खरी कसोटी लागली ती १९४२ साली. त्या वर्षीच्या चातुर्मासात महाराजांचा मुक्काम चिमूरला होता. गावोगावचे लोक त्यांच्या भजनांना गर्दी करीत आणि त्या भजनांतून परकीय सत्तेविरुद्ध उभे राहण्याची हाक उमटत होती. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, चिमुरात मिरवणूक निघाली. पोलिसांच्या गोळीबारात बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा हुतात्मा झाला. संतप्त जमावाच्या हातून सरकारी अधिकारीही मारले गेले. त्यानंतर आलेल्या फौजेने गावावर, विशेषतः स्त्रियांवर जे अत्याचार केले, त्यांची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळी यांना प्रदीर्घ उपोषण करावे लागले. महाराजांना २८ ऑगस्टला चंद्रपूर येथे अटक झाली. नागपूर व रायपूरच्या तुरुंगात ठेवल्यानंतर डिसेंबरमध्ये त्यांची सुटका झाली.

चिमूरच्या क्रांतीचे सारे श्रेय अथवा सारा भार एका भजनावर टाकणे योग्य नव्हे. लोकांच्या मनात असंतोष साचलेला होताच. पण त्या असंतोषाला एक सूर देण्याचे काम खंजिरीने केले, हे नाकारणेही सत्याला धरून होणार नाही. जवळ बसून ऐकलेले गाणे माणसाला घराबाहेर काढू शकते आणि त्याची किंमत प्राणांनीही मोजावी लागू शकते, हे चिमूरने दाखविले.

तुरुंगातून सुटल्यावर महाराजांनी गाणे सोडले नाही. जागे झालेले गाव पुन्हा झोपू नये, या ध्यासाने त्यांनी ग्रामसफाई, व्यसनमुक्ती, अस्पृश्यता निवारण आणि श्रमदान हे भजनाचे विषय केले. श्री गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखांमधून त्यांनी सामुदायिक प्रार्थना रुजविली. या प्रार्थनेत कोणी गायक नाही आणि कोणी श्रोता नाही. जमलेला प्रत्येक जण गाणाराच. ४१ अध्यायांच्या ‘ग्रामगीते’त त्यांनी याच विचाराला ग्रंथरूप दिले.

१९५५ मध्ये जपानमध्ये भरलेल्या विश्वधर्म व विश्वशांती परिषदेस ते उपस्थित राहिले. देशोदेशींच्या प्रतिनिधींसमोरही त्यांच्या हाती तीच खंजिरी होती. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी त्यांना ‘राष्ट्रसंत’ म्हणून गौरविले. १९५६ साली स्थापन झालेल्या भारत साधू समाजाचे ते पहिले अध्यक्ष झाले. १९६२ व १९६५ च्या युद्धकाळात सीमेवर जाऊन त्यांनी जवानांना धीर दिला. राष्ट्रपती भवन असो वा एखाद्या खेड्याचा पार, त्यांच्या गाण्याची बैठक बदलली नाही.

११ ऑक्टोबर १९६८ रोजी मोझरीला त्यांनी देह ठेवला. २००५ मध्ये नागपूर विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. दरवर्षी पुण्यतिथीला मोझरीत दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखोंचा समुदाय स्तब्ध उभा राहून त्यांना मौन श्रद्धांजली वाहतो. त्यांचे खरे स्मारक मात्र विदर्भातील खेड्यापाड्यांत आहे. दिवेलागणीला सामुदायिक प्रार्थनेसाठी जिथे चार माणसे जमतात, तिथे ते उभे राहते. ती माणसे रोज जमत राहिली, तरच ते टिकेल.