डॉक्टरांना हात धुवायला लावणारे डॉक्टर



विद्यालयातील सुरक्षितता म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर जिन्याचे कठडे, अग्निशामक यंत्र आणि प्रयोगशाळेतले अ‍ॅसिड येते. पण एका विद्यापीठात धोका खुद्द शिकवणाऱ्यांच्या आणि शिकणाऱ्यांच्या हातांवरच होता. तो ओळखणाऱ्या डॉ. इग्नाझ सेमेल्वाइस यांचा परिचय या अंकात करून देत आहोत.

त्यांचा जन्म १ जुलै १८१८ रोजी हंगेरीतील बुडा येथे एका किराणा व्यापाऱ्याच्या घरी झाला. कायदा शिकायला ते व्हिएन्नाला गेले आणि वैद्यकाकडे वळले. १८४४ साली ते डॉक्टर झाले. १८४६ मध्ये तेथील मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या प्रसूतिगृहात, पहिल्या विभागात, त्यांना सहायकाची जागा मिळाली.

या प्रसूतिगृहाचे दोन विभाग होते. पहिल्यात विद्यापीठाचे वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. १८४६ साली पहिल्या विभागात ४,०१० बाळंतिणींपैकी ४५९ जणी सूतिकाज्वराने दगावल्या. दुसऱ्यात ३,७५४ पैकी १०५. छत एक, हवा एक, शहर एक! बायका पहिल्या विभागात नेऊ नका म्हणून रडत, हातापाया पडत. वाटेतच बाळंत होऊन येणाऱ्यांना मात्र हा ताप क्वचितच येई.

डॉ. सेमेल्वाइस यांनी एकेक कारण तपासले. गर्दी म्हणावी तर ती दुसऱ्या विभागात जास्त. धर्मगुरूंच्या घंटेने बायका घाबरतात, असे कोणी म्हणे. म्हणून त्यांची वाटही बदलून पाहिली. आकडे हलले नाहीत.

मार्च १८४७ मध्ये त्यांचे स्नेही प्रा. कोलेत्श्का वारले. शवविच्छेदन शिकवताना एका विद्यार्थ्याच्या सुरीने त्यांच्या बोटाला जखम झाली होती. त्यांच्या शरीरात आढळलेली लक्षणे बाळंतिणींसारखीच होती. तेव्हा उलगडा झाला. डॉक्टर आणि विद्यार्थी सकाळी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींना तपासायला येत. साबणाने धुतले तरी हातांना वास राही. सुईणी शवविच्छेदन करत नसत.

मे १८४७ पासून त्यांनी नियम केला की ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात हात धुतल्याशिवाय आत पाऊल टाकायचे नाही. रोगजंतू त्या काळी कोणाला माहीत नव्हते, हे लक्षात घ्यावे. ऑक्टोबरात कर्करोग असलेल्या एका रुग्णेनंतर तपासलेल्या ओळीतील बारापैकी अकरा जणी गेल्या. तेव्हा नियम वाढवला : प्रत्येक रुग्ण तपासल्यावर हात धुवायचे. १८४८ मध्ये ३,५५६ पैकी ४५ मृत्यू झाले. मार्च आणि ऑगस्ट या दोन महिन्यांत तर एकही नाही.

एवढे होऊनही विभागप्रमुख प्रा. क्लाइन प्रसन्न झाले नाहीत. आपल्याच हातांनी माणसे मेली, हे मान्य करणे कोणत्याही विद्वानाला जड जाते. १८४९ मध्ये डॉ. सेमेल्वाइस यांची मुदत वाढवली गेली नाही आणि पुढच्या वर्षी ते कोणाला न सांगता हंगेरीतील पेश्तला परतले. तेथेही त्यांनी हात धुण्याची पद्धत लावली आणि १८५५ मध्ये ते प्राध्यापक झाले.

येथे आम्हाला त्यांची बाजूही पूर्ण निर्दोष वाटत नाही. इतका मोठा शोध त्यांनी वर्षानुवर्षे स्वतः नीट लिहून काढला नाही. ग्रंथ आला तो थेट १८६१ मध्ये. टीका झाली तेव्हा मोठमोठ्या प्राध्यापकांना त्यांनी उघड पत्रांतून खुनी ठरवले. मग समजून घ्यायची ज्यांची तयारी होती, तेही दुरावले. इकडे बाळंतिणी मरतच राहिल्या.

पुढे त्यांचे मन बिघडले. जुलै १८६५ मध्ये त्यांना व्हिएन्नाच्या मनोरुग्णालयात ठेवण्यात आले आणि १३ ऑगस्टला, वयाच्या ४७ व्या वर्षी, जखमेतील विष रक्तात भिनून त्यांचा अंत झाला. त्याच्या आदल्याच दिवशी ग्लासगोत डॉ. लिस्टर यांनी एका जखमी मुलाच्या पायाला कार्बोलिक अ‍ॅसिडची पट्टी बांधून जंतुनाशक शस्त्रक्रियेचा आरंभ केला होता. १९६९ पासून बुडापेस्टचे वैद्यकीय विद्यापीठ सेमेल्वाइस यांच्या नावाने ओळखले जाते.