स्किप न करता ऐकायचे गदिमा

फोनमध्ये गाणी हजारो. पण एखादा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, क्रमानं, तुम्ही शेवटचा कधी ऐकलात? कॉलेजच्या कट्ट्यावर हा प्रश्न टाकून बघा, बहुतेक जण हसतील. दहा सेकंद आवडलं नाही की आपलं बोट स्किपवर जातंच.

मराठीत मात्र एक काम असं आहे, की ते शफलवर टाकलं तर निम्मं हरवतं. ‘गीतरामायण’. ५६ गाणी, एक कथा, संगीतकार सुधीर फडके आणि कवी गजानन दिगंबर माडगूळकर, म्हणजे आपले गदिमा.

गदिमांचा जन्म १ ऑक्टोबर १९१९ चा, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या शेटफळे गावातला. तेव्हा हा भाग औंध संस्थानात होता. घरची परिस्थिती बेताची. मॅट्रिकचा टप्पा काही पार झाला नाही. म्हणजे आजच्या भाषेत ‘करिअर संपलं’ असं नातेवाईक म्हणतील, तशी अवस्था. पण हा मुलगा कोल्हापुरात गेला आणि सिनेमाच्या दुनियेत शिरला. १९३८ च्या ‘ब्रह्मचारी’मध्ये छोटी भूमिका केली. वि. स. खांडेकरांचा लेखनिक म्हणूनही काम केलं. दुसऱ्याचं लिहून घेता घेता स्वतःचं लिहिणं पक्कं होत गेलं. १९४७ चा ‘रामजोशी’ आला आणि नाव झालं. पुढे दीडशेहून जास्त मराठी सिनेमांशी त्यांची लेखणी जोडली गेली. व्ही. शांताराम यांच्या ‘दो आँखें बारह हाथ’ची कथाही त्यांचीच.

मग आलं १९५५. आकाशवाणी पुणे केंद्रावर सीताकांत लाड होते, गदिमांचे जुने मित्र. रामकथा गाण्यांतून सांगायची, आठवड्याला एक गाणं, वर्षभर, असं ठरलं. १ एप्रिल १९५५, शुक्रवार, रामनवमी. पहिलं गाणं वाजलं. त्याआधी लिहिलेला कागदच हरवला आणि गदिमांनी ऐनवेळी ते गाणं पुन्हा लिहून दिलं, असं सांगतात. ठरली होती ५२ गाणी. पण त्या वर्षी अधिक महिना आला, चार आठवडे वाढले आणि गाणी झाली ५६!

विचार करा, सिनेमाची कामं चालू ठेवून दर आठवड्याला नवं गाणं द्यायचं. मागच्या भागाला धरून, पुढच्याला वाट करून. एक आठवडा चुकला तर कथाच थांबणार.

लोक रेडिओभोवती जमायचे, काही घरांत रेडिओला हार घातला जायचा. आजच्या वेब सीरिजसारखी पुढच्या भागाची वाट बघणं तेव्हाही होतं. फक्त सगळे भाग एका रात्रीत संपवायची सोय नव्हती.

आता क्रम का महत्त्वाचा, ते बघू. गाणी वेगवेगळ्या पात्रांच्या तोंडी आहेत. कधी कौसल्या, कधी दशरथ, कधी सीता. राम भरताला समजावतो ते गाणं आपण शोकसभेत, कीर्तनात, कुठंही सुटं ऐकतो आणि तत्त्वज्ञान म्हणून मान डोलावतो. पण आधीची गाणी ऐकून तिथं पोहोचलात तर चित्र बदलतं. वडील गेलेत, धाकटा भाऊ रडत जंगलात आलाय, ‘घरी चल’ म्हणतोय आणि थोरला त्याला सावरतोय. स्वतःही आतून तुटलेला असताना. व्यंकटेश माडगूळकरांसारख्या लेखकाचा थोरला भाऊ असलेल्या गदिमांनी हे लिहिलंय, हे लक्षात ठेवून ऐका.

आणखी एक गंमत. पहिल्या गाण्यात कुश-लव रामासमोर रामायण गातात. शेवटच्या, ५६ व्या गाण्यात वाल्मीकी त्याच मुलांना रामायण गायला पाठवतात. म्हणजे शेवट पुन्हा सुरुवातीपाशी येतो. शफलवर हे कधीच कळणार नाही.

आपल्या जालन्याशी याचं नातं? पुण्यातून हे प्रक्षेपण सुरू झालं तेव्हा जालना हैदराबाद राज्यात होतं. मुंबई राज्यात आलं ते १ नोव्हेंबर १९५६ ला. पण रामकथा इथं नवी नव्हती. घनसावंगी तालुक्यातलं जांब समर्थ हे रामदास स्वामींचं जन्मगाव आणि त्यांचा जन्मही रामनवमीचाच, १६०८ चा.

गदिमांना १९६९ मध्ये पद्मश्री मिळाली. १९७३ च्या यवतमाळ साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. १४ डिसेंबर १९७७ ला ते गेले, वय अवघं ५८. गीतरामायण पुढे सुधीर फडक्यांच्या आवाजात रेकॉर्डवर, कॅसेटवर आलं आणि आज ते मोबाइलवरही आहे.

एकदम ५६ नको. रोज बसमध्ये जाता-येता दोन गाणी ऐका. महिनाभरात पूर्ण होईल. अट एकच, स्किप करायचं नाही.