कोटणिसांच्या चरित्राची दुसरी बाजू

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचे नाव ऐकले नाही असा सुशिक्षित मनुष्य महाराष्ट्रात विरळाच. व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या बोलपटाने ते घरोघर पोहोचविले. तथापि त्या बोलपटाने जनमानसावर जे ठसविले ते मुख्यतः एका तरुणाच्या आत्मार्पणाचे चित्र होय. परमुलखात गेला, तेथील युवतीशी विवाह केला, रुग्णसेवा करता करता देह ठेवला; एवढ्यावर हे चरित्र संपते अशी आपली समजूत झालेली आहे. त्यागापुढे आपण हात जोडतो आणि हात जोडले की प्रश्न विचारण्याची गरज उरत नाही. या तरुणाने शल्यचिकित्सेच्या क्षेत्रात नेमके काय केले आणि ते इतक्या लहान वयात त्याला करता कसे आले, हा प्रश्न म्हणूनच मागे राहिला.

कोटणिसांचा जन्म सोलापूरचा, १० ऑक्टोबर १९१० चा. वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालयात झाले. जपानच्या आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला डॉक्टर पाठवावेत, अशी विनंती सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना केली होती. त्यानुसार राष्ट्रसभेने १९३८ साली सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षपदाच्या कारकीर्दीत पाच जणांचे पथक निवडले. अटल, नागपूरचे चोळकर, मुकर्जी, बसू आणि कोटणीस. सप्टेंबर १९३८ च्या आरंभी पथकाने मुंबई सोडली. पथकप्रमुख डॉ. अटल यांच्या गाठीस स्पेनच्या यादवी युद्धाचा अनुभव होता. कोटणिसांना युद्धातील शस्त्रक्रियेचा अनुभव नव्हता. त्यांचे वय अठ्ठावीसही पुरे नव्हते. चीनमध्ये असतानाच वडिलांच्या निधनाची वार्ता आली, तरी ते परत फिरले नाहीत. १९३९ च्या प्रारंभी पथक येनानला पोहोचले.

त्या काळी रणांगणावरील जखमीचे भवितव्य बव्हंशी एकाच गोष्टीवर अवलंबून असे : गोळी लागल्यापासून शस्त्रक्रिया होईपर्यंत गेलेला वेळ. पेनिसिलिन अद्याप वापरात आलेले नव्हते. जखमेतील मेलेले मांस पहिल्या काही तासांत कापून काढले नाही, तर ती सडे आणि मग हात-पाय तोडणे किंवा मृत्यू एवढेच दोन मार्ग उरत. डोंगराळ मुलखात जखमीला झोळीतून दूरच्या रुग्णालयात नेईपर्यंत हे तास सरून जात. जखमीने शल्यविशारदाकडे यावे ही रीत उलटवून शल्यविशारदाने जखमीकडे जावे, हा आग्रह तेथे धरला तो कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनी. शस्त्रक्रियेचे साहित्य खेचरांच्या पाठीवर लादून ते आघाडीलगतच्या खेड्यांत जात. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन नोव्हेंबर १९३९ मध्ये त्यांचे निधन झाले. कोटणीस त्या प्रदेशात पोहोचले तेव्हा बेथ्यून हयात नव्हते. दोघांची भेट झालीच नाही.

तेव्हा मूळ कल्पना कोटणिसांची नव्हे, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे. त्यांच्या मोठेपणाला त्याने काही उणेपणा येत नाही. एका असामान्य पुरुषाच्या धडाडीवर चालणारी गोष्ट त्याच्या पश्चात टिकवून धरणे हे निराळ्या जातीचे काम आहे, आणि अनेकदा अधिक कठीण. १९४० च्या मोठ्या चढाईत त्यांनी आघाडीनजीक सलग बहात्तर तास शस्त्रक्रिया केल्याचे सांगतात. बोलपटाला असे प्रसंग मानवतात. पण खरे महत्त्वाचे त्यानंतरचे आहे. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावाने चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाची सूत्रे त्यांच्याकडे आली. त्या वेळी ते अवघे तीस वर्षांचे होते. रुग्णालयाला जोडून वैद्यकीय विद्यालय होते. तेथे शिकविता यावे म्हणून त्यांनी चिनी भाषा आत्मसात केली, ग्रामीण मुलांना शस्त्रक्रियेचे धडे दिले आणि त्यांच्यासाठी शल्यचिकित्सेचे पाठ्यपुस्तक लिहावयास घेतले. नाकेबंदीमुळे औषधे आणि उपकरणे यांची सदैव टंचाई असे.

आपल्या परभणी जिल्ह्याला या चरित्राचे अगत्य वाटावे ते याच ठिकाणी. येथे युद्ध नाही, पण अंतर आहे. जिंतूर, सोनपेठ वा पालम तालुक्यातील एखाद्या खेड्यातील शेतमजुराचे आतडे फुटले किंवा बाळंतीण अडली, तर परभणी आणि प्रसंगी पुढे नांदेड अथवा छत्रपती संभाजीनगर गाठेपर्यंत तेच मोलाचे तास खर्ची पडतात. परभणीत २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही समाधानाची बाब. परंतु तरुण डॉक्टर खेड्यात जात नाहीत, ही आपली तक्रार जुनीच आहे आणि तिच्यावर योजिलेला बंधपत्राचा उपायही जुनाच. शस्त्रक्रिया एकटा शल्यविशारद करीत नाही. भूल देणारा, रक्त, निर्जंतुक साधने, शिकलेली परिचारिका हे सारे एकत्र आले तरच ती घडते. यांतला एकच घटक सक्तीने धाडावयाचा, उरलेल्यांची तजवीज करावयाची नाही आणि मग त्या तरुणाच्या त्यागबुद्धीला दोष द्यावयाचा, हा हिशेब चुकीचा आहे. कोटणिसांपाशीही साधने नव्हती, असे कोणी म्हणेल. खरे आहे. मात्र त्यांना अधिकार होता, शिष्य होते आणि तिशीतल्या माणसाचे ऐकून रीत बदलावयास तयार असलेली संस्था होती. तालुक्याच्या रुग्णालयातील तरुण शल्यविशारदाला यांपैकी काय मिळते?

अशा कामाची किंमतही मोजावी लागते. अतिश्रमांत कोटणिसांना अपस्माराचे झटके येऊ लागले. विश्रांती त्यांनी घेतली नाही आणि पर्यायी माणूस नसल्याने ती सहजी घेताही आली नसती. परिचारिका-शिक्षिका कुओ चिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह १९४१ च्या अखेरीस झाला होता. ऑगस्ट १९४२ मध्ये झालेल्या मुलाचे नाव भारत आणि चीन या देशांच्या चिनी नावांतील अक्षरे घेऊन यिनह्वा असे ठेवले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, कोटणीस निवर्तले. पाठ्यपुस्तकाचे लेखन अपुरे राहिले. रुग्णालय आणि विद्यालय चालू राहिले.