पाचगणीचा फारोख, क्वीनचा फ्रेडी

शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर पटेल ब्रदर्सचे पहिले दुकान १९७४ साली उघडले आणि घरच्या डाळ-मसाल्यांना आसुसलेल्या भारतीयांना एक हक्काचे ठिकाण मिळाले. त्याच वर्षी क्वीन हा ब्रिटिश रॉक बँड मॉट द हूपलच्या साथीने प्रथमच अमेरिकेचा दौरा करीत होता. गिटारवादक ब्रायन मे यांना कावीळ झाल्याने तो दौरा अर्धवट राहिला. या बँडचा गायक पाचगणीत वाढलेला पारशी तरुण आहे, याची कल्पना तेव्हा फारच थोड्यांना असावी.

फारोख बुलसारा याचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमध्ये झाला. वडील बोमी ब्रिटिश वसाहतीच्या न्यायालयात रोखपाल होते. आडनाव बुलसार, म्हणजे आजच्या वलसाड गावावरून आलेले. आठव्या वर्षी आईवडिलांनी त्याला समुद्रापार पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत धाडले. तेथेच तो पियानो शिकला, तेथेच फ्रेडी झाला आणि तेथेच शाळासोबत्यांसह ‘द हेक्टिक्स’ हा त्याचा पहिला बँड उभा राहिला. पुढे तो झांझिबारला परतला. पण १९६४ च्या क्रांतीने कुटुंबाला परागंदा केले आणि बुलसारा मंडळी लंडनजवळच्या फेल्टममध्ये नव्याने संसार मांडू लागली.

ईलिंगच्या कलामहाविद्यालयातून तो ग्राफिक कलेचा पदवीधर झाला. १९७० साली मे आणि रॉजर टेलर यांच्यासोबत त्याने क्वीनची स्थापना केली, बँडचे बोधचिन्ह स्वतः रेखाटले आणि बुलसारा हे आडनाव टाकून मर्क्युरी हे नाव धारण केले. पुढील वर्षी जॉन डीकन आल्यावर चौकडी पूर्ण झाली.

१९७५ च्या ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ या अल्बमसाठी त्याने ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ रचले. त्यातील ऑपेराचा भाग ध्वनिमुद्रित करण्यास सुमारे तीन आठवडे लागले. तिघांचेच आवाज एकावर एक इतक्या वेळा चढवले गेले की चुंबकीय फीत झिजून पारदर्शक झाली. पाच मिनिटे पंचावन्न सेकंदांचे गाणे रेडिओवर कोण लावणार, अशी शंका कंपनीतील मंडळींना होती. लंडनचा निवेदक केनी एव्हरेट याने एकाच शनिवार-रविवारी ते चौदा वेळा वाजवले. ब्रिटनमध्ये ते नऊ आठवडे अग्रस्थानी राहिले.

अमेरिकेने मात्र त्याला चढउतार दाखवले. १९८० च्या ‘द गेम’मधील दोन गाणी तेथे पहिल्या क्रमांकावर पोहोचली, परंतु ‘आय वॉन्ट टू ब्रेक फ्री’च्या चित्रफितीतील स्त्रीवेष तिकडे रुचला नाही. १९८२ नंतर फ्रेडीसह क्वीनने अमेरिकेचा दौरा केला नाही. जुलै १९८५ मध्ये वेम्बलीच्या ‘लाइव्ह एड’मध्ये मात्र वीसएक मिनिटांत त्याने अख्खे मैदान जिंकले.

आपल्या मुळांविषयी तो जाहीरपणे क्वचितच बोलला. परदेशात नाव आखूड करणाऱ्या, उच्चार सोपा करून देणाऱ्या कोणालाही हा संकोच परका वाटणार नाही. त्याने तो टोकाला नेला इतकेच. आजाराबाबतही त्याने शेवटपर्यंत मौन राखले. एड्स झाल्याचे २३ नोव्हेंबर १९९१ रोजी निवेदनाद्वारे जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी, पंचेचाळिसाव्या वर्षी, लंडनमधील राहत्या घरी त्याचे निधन झाले.

काही महिन्यांतच ‘वेन्स वर्ल्ड’ या विनोदी चित्रपटात मोटारीतील तरुण ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’च्या ठेक्यावर माना डोलवताना दिसले आणि १९७६ मध्ये नवव्या क्रमांकापर्यंत गेलेले हे गाणे अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचले. ते तरुण ज्या गावचे दाखवले आहेत, ते ऑरोरा म्हणजे शिकागोच्या मराठी मंडळींना बालाजी मंदिरामुळे परिचित असलेले गाव. हे दुसरे यश पाहायला फ्रेडी नव्हता. रंगमंचावर कधी न आलेला फारोख मात्र अखेरच्या दिवशी कुटुंबाकडे परतला होता: लंडनमधील त्याचे अंत्यसंस्कार पारशी धर्मगुरूंनी जरथुष्ट्री प्रार्थना म्हणून केले.