कुलाब्याहून कुलाब्याला : नानाभाय मूस

ज्यांनी कधी सर्व्हर रूममध्ये हात काळे केले असतील त्यांना मॉनिटरिंग एजंट हा प्राणी माहीत असेलच. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येक मशीनवर एक छोटा प्रोग्रॅम बसवायचा. तो दर दहा-पंधरा सेकंदांनी प्रोसेसर, मेमरी, डिस्क यांची रीडिंग घेतो आणि एचटीटीपीवरून ठरलेल्या पत्त्यावर पाठवून देतो. त्याची कॉन्फिग फाइल जेमतेम वीस-पंचवीस ओळींची. काय मोजायचं, किती वेळाने मोजायचं, कुठे पाठवायचं, रीडिंगवर मशीनचं नाव काय लावायचं, नेटवर्क गेलं तर माहिती किती साठवून ठेवायची. झालं! अर्ध्या तासाचं काम. खरी गंमत पुढे असते. वर्ष-दोन वर्षांनी मशीन हलवावं लागतं, आलेख एकदम वर किंवा खाली उडी मारतो, आणि ती उडी मशीनची की जागेची हे कुणालाच सांगता येत नाही.

हा घोळ टाळून साठ वर्षांचा आलेख एका जागेवरून दुसऱ्या जागी सुखरूप नेणारा एक माणूस सव्वाशे वर्षांपूर्वी होऊन गेला, आणि ती दुसरी जागा आपल्या रायगड जिल्ह्यात आहे. पेणकर वडखळवरून आणि रोहेकर आपापल्या रस्त्याने अलिबागला शंभर वेळा गेले असतील. किनाऱ्यावर भेळ खाल्ली असेल, कुलाबा किल्ला पाहिला असेल. पण अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेकडे किती जणांनी मान वळवून पाहिलं असेल? ती वेधशाळा उभी करणारे गृहस्थ म्हणजे नानाभाय आर्देशिर फ्रामजी मूस.

मूस यांचा जन्म २९ ऑक्टोबर १८५९ चा, मुंबईच्या पारशी घरातला. शिक्षण आपल्यासारखंच इंजिनिअरिंगचं! पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून, म्हणजे आजच्या सीओईपीमधून, त्यांनी एलसीई ही सिव्हिलची पदवी घेतली आणि पुढे स्कॉटलंडला जाऊन एडिंबरा विद्यापीठाचे बी. एस्सी. झाले. परत आल्यावर एल्फिन्स्टन कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं. १८९६ मध्ये कुलाबा वेधशाळेचे संचालक चार्ल्स चेंबर्स वारले आणि ती जागा मूस यांना मिळाली. सरकारी वैज्ञानिक संस्थेच्या प्रमुखपदी गोराच बसायचा असा तो काळ. या खुर्चीवर बसलेले ते पहिले भारतीय.

त्यांच्या हातात आलं काय? ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये मुंबईच्या कुलाब्याला काढलेली वेधशाळा, आणि १८४१ पासून चाललेली पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद. सुरुवातीला हे सगळं डोळ्यांनी चालायचं. टांगलेल्या चुंबकाचा सूक्ष्म हेलकावा दुर्बिणीतून पट्टीवर वाचायचा आणि वहीत उतरवायचा. दर तासाला, दिवस असो वा रात्र. (आपल्याकडचे नागावचे केरूनाना छत्रे, पुढे टिळकांना गणित शिकवणारे, पंधरा-सोळाव्या वर्षी याच वेधशाळेत नोकरीला लागले होते. तेव्हा एजंट म्हणजे प्रोग्रॅम नव्हे, जागरण करणारं पोरगं!) १८७० नंतर फोटोग्राफीच्या कागदावर प्रकाशाचा ठिपका आपोआप रेघ ओढू लागला, आणि रात्रपाळीच्या लोकांना जरा झोप मिळाली असावी.

मूस आले तेव्हा जगभर एक नवीन जाळं विणलं जात होतं. १८९७ चा आसामचा भीषण भूकंप ताजा होता. जॉन मिल्न नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने ठरवलं होतं की पृथ्वीवर ठिकठिकाणी एकाच बनावटीचे भूकंपमापक बसवायचे आणि सर्वांची माहिती एका जागी गोळा करायची. १८९८ मध्ये असं एक यंत्र मूस यांनी कुलाब्याला सुरू केलं. आता याची कॉन्फिगरेशन पाहा. यंत्र सगळीकडे एकच. वेळ ग्रीनिचची, कारण प्रत्येकाने आपलं घड्याळ लावलं असतं तर एकाच भूकंपाचे चाळीस भूकंप झाले असते. नोंदीचा नमुना ठरलेला: तारीख, धक्का कधी सुरू झाला, सर्वांत मोठा कधी, संपला कधी, आंदोलन किती. आणि पत्ता? इंग्लंडच्या दक्षिणेला वाइट बेटावर शाइड नावाचं गाव, तिथलं मिल्न यांचं राहतं घर. जगभरच्या याद्या तिथे टपालाने यायच्या आणि परिपत्रक म्हणून छापून निघायच्या. बोट चुकली तर यादी पुढच्या बोटीने, म्हणजे बफरची सोयसुद्धा होती म्हणायची.

पण मूस यांचं नाव राहिलं ते ट्राममुळे.

मुंबईत १८७४ पासून घोड्यांच्या ट्रामगाड्या होत्या. शतक संपता संपता त्या विजेवर चालवायचं घाटू लागलं. शहराला हवीच होती ती. पण इलेक्ट्रिकलवाल्यांच्या लगेच लक्षात येईल, ट्रामचा प्रवाह डीसी. वरच्या तारेतून येतो आणि रुळांतून परत जातो. रूळ काही जमिनीपासून अलग केलेले नसतात, त्यामुळे बराच प्रवाह मातीत झिरपतो आणि वाटेल त्या रस्त्याने वीजघराकडे परततो. ट्राम सुटली की हा प्रवाह वाढतो, थांबली की कमी होतो. प्रत्येक वेळी आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र हलतं. मुंबईजवळ पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक सुमारे ३७-३८ हजार नॅनोटेस्ला, आणि त्यातला रोजचा चढउतार अवघा काही डझनांचा. तो मोजायला बसलेल्या सुईला ट्राम म्हणजे कानाशी ढोलताशाच. शिवाय हा गोंधळ मागाहून गाळून टाकता येत नाही. ट्राम कधी थांबली याची वही कोण ठेवणार?

हे संकट एकट्या मुंबईवर नव्हतं. टोरांटोची वेधशाळा १८९८ मध्ये ट्राममुळेच गावाबाहेर अ‍ॅजिनकोर्टला गेली. लंडनजवळच्या क्यूचं चुंबकीय काम पुढे १९०८ मध्ये स्कॉटलंडच्या एस्कडेलम्यूरला हललं. ट्राम अडवणं कुणाच्याच हातात नव्हतं. मूस यांनीही त्यापायी वेळ घालवला असं दिसत नाही. त्यांनी जागा शोधली.

ती सापडली खाडीपलीकडे, सुमारे ३० किलोमीटरवर. मुंबईच्या जवळ, हवामान तेच, पण रेल्वे नाही, ट्राम नाही, कारखाना नाही. (रेल्वे आपल्या भागात आली तीही पेण-रोह्यावरून गेली. अलिबाग गाव बाजूलाच राहिलं, यावर वेधशाळेने गुपचूप आनंद मानला असेल.) आणखी एक गंमत म्हणजे अलिबाग तेव्हा कुलाबा जिल्ह्याचं मुख्य ठिकाण होतं. जिल्ह्याचं नाव रायगड झालं ते १९८१ मध्ये. म्हणजे वेधशाळा कुलाब्याहून निघाली ती कुलाब्यालाच आली!

इमारतीत मूस यांच्यातला सिव्हिल इंजिनिअर दिसतो. आपला सह्याद्रीचा काळा दगड बांधकामाला उत्तम, पण त्यात मॅग्नेटाइट असतं, म्हणजे भिंतच चुंबक. म्हणून दगड आणला पोरबंदरचा, तोही चुंबकत्व तपासून, निवडून. लोखंडी खिळा, बिजागरी, कडी काही चालायचं नाही, सगळं तांब्या-पितळेचं. यंत्रांच्या खोलीला दुहेरी भिंती, कारण तापमान बदललं की चुंबकाची ताकद बदलते आणि रीडिंग खोटं बोलू लागतं.

१९०४ मध्ये अलिबागची यंत्रं सुरू झाली. आणि इथे त्यांनी जे केलं ते, माझ्या मते, त्यांच्या सगळ्या कामात मोठं. कुलाब्याची यंत्रं त्यांनी बंद केली नाहीत. १९०६ पर्यंत, चांगली दोन वर्षं, दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी चालू ठेवल्या. दोन जागांचा खालचा खडक वेगळा, त्यामुळे आकडेही वेगळे येणार. पण तीच वेळ, तेच वादळ, आणि दोन्हीकडची रीडिंग हातात असली की फरक नेमका काढता येतो. दोन वर्षं घेतली की सगळे ऋतू दोनदा येऊन जातात. तो फरक एकदा कळला की १८४१ पासूनची कुलाब्याची रेघ अलिबागच्या रेघेला जोडता येते. दुप्पट यंत्रं, दुप्पट माणसं, दुप्पट वह्या, आणि वरून पाहणाऱ्या सरकारी साहेबाला यात फक्त दुप्पट खर्च दिसणार. मुंबईत विजेची पहिली ट्राम धावली ७ मे १९०७ रोजी. त्याच्या वर्षभर आधीच मूस यांचं काम उरकलं होतं.

नंतर ते साठवलेल्या आकड्यांकडे वळले. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या चुंबकीय नोंदी त्यांनी तपासून, जुळवून १९१० मध्ये दोन जाडजूड भागांत छापल्या. पहिल्या भागात आकडे आणि पद्धती, दुसऱ्यात त्यांचा अर्थ. कॅलक्युलेटर नसताना! त्यात त्यांनी अनेक चुंबकीय वादळं एकावर एक ठेवून सरासरी काढली, तेव्हा वादळाची ठरावीक चाल दिसली: आधी छोटी उसळी, मग खोल घसरण, मग काही दिवस हळूहळू पूर्वपदावर येणं. एकट्या वादळात ही चाल खाचखळग्यांत हरवून जाते. पुढे सिडनी चॅपमनसारख्या शास्त्रज्ञांनी या कामाचा उपयोग केला. एडिंबराच्या रॉयल सोसायटीचे ते फेलो होते. १९१९ पर्यंत संचालकपद सांभाळून ते निवृत्त झाले आणि १९३६ मध्ये वारले.

आता त्या वह्यांचं काय झालं ते ऐका. मूस जन्मले त्याच्या दोन महिने आधी, २ सप्टेंबर १८५९ रोजी, पृथ्वीवर एक प्रचंड सौर वादळ आदळलं. युरोप-अमेरिकेत तारयंत्रं बंद पडली. तेव्हा कुलाब्याला कोणी अनाम कर्मचारी पट्टी वाचत होता. वादळ चढलं तशी त्याने तासाची वाट न पाहता दर काही मिनिटांनी रीडिंग घेतली. २००३ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या आणि परदेशी शास्त्रज्ञांनी हे आकडे पुन्हा अभ्यासले. आडव्या घटकात सुमारे १,६०० नॅनोटेस्लाची घसरण! उपग्रह आणि वीजवाहिन्यांच्या जगावर असं वादळ पुन्हा आलं तर काय, या प्रश्नावर बोलताना आजही हाच आकडा पुढे येतो. त्याची तुलना आजच्या वादळांशी करायला त्याच भागातली, न तुटलेली रेघ हाताशी आहे ती अलिबागमुळे.

ही वेधशाळा आता भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. संस्था स्वतंत्र झाली १९७१ मध्ये, मुख्यालय नवीन पनवेलला. अलिबाग हे इंटरमॅग्नेट या जागतिक जाळ्यातलं एक केंद्र आहे, खूण एबीजी. जाळ्याचे नियम ओळखीचे वाटतील: निदान मिनिटाला एक रीडिंग, वेळ यूटीसी, नमुना ठरलेला. जगभरच्या वेधशाळांची अशी माहिती इंटरनेटवरून मोजक्या संकलन केंद्रांकडे जाते. पॅरिस आणि क्योटोसारखंच त्यातलं एक केंद्र एडिंबराला आहे.